शेवाळाचा रंग आणि डोळ्यांचा पडदा: बाटलीवर काय छापणे सक्तीचे हवे

औषधाच्या दुकानात डोळ्यांच्या थेंबांशेजारी आता कॅप्सूलच्या बाटल्यांची वेगळी फळी लागलेली दिसते. गडद लाल कॅप्सूल म्हणजे ॲस्टॅझॅन्थिन, नारिंगी म्हणजे ल्यूटीन नाहीतर बीटा-कॅरोटीन, गर्द हिरवी गोळी म्हणजे स्पिरुलिना. वेष्टनावर समुद्राची लाट, एक टपोरा डोळा आणि मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून संरक्षण मिळेल असा भरवसा. ही बाटली दिवसभर संगणकापुढे बसणारी मुलगी घेते, नुकतेच मधुमेहाचे निदान झालेले गृहस्थ घेतात आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन टाळू पाहणारी आजीही घेते. तिघांच्या डोळ्यांचे दुखणे वेगवेगळे, बाटली मात्र एकच.

शेवाळापासून काढलेली रंगद्रव्ये हे थोतांड आहे असे कुणी म्हणू नये. त्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे आणि काही बाबतीत उत्तम चाचण्याही झाल्या आहेत. अडचण अशी की त्या चाचण्यांतून जो फायदा दिसला तो थोड्या, नेमक्या रुग्णांपुरता आहे; आणि बाटलीवर आज जे छापले जाते त्यावरून ग्राहकाला, दुकानदाराला, कित्येकदा डॉक्टरलाही आपण नेमके काय आणि किती देतो-घेतो हे कळत नाही. म्हणून तीन गोष्टी कायद्याने सक्तीच्या झाल्या पाहिजेत: मोकळ्या (म्हणजे मेदाम्ल न जोडलेल्या) रंगद्रव्याचे मिलीग्रॅममधले वजन, ते कोणत्या जीवापासून किंवा वनस्पतीपासून आले त्याचे नाव, आणि बीटा-कॅरोटीन असेल तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी ठळक इशारा.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागी जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर रुंदीचा भाग असतो, त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सगळी बारीक नजरेची कामे इथून चालतात. त्याचा पिवळेपणा तीन रंगद्रव्यांचा: ल्यूटीन, झिआझॅन्थिन आणि मेसो-झिआझॅन्थिन. पहिली दोन अन्नातून येतात, तिसरे डोळ्यातच ल्यूटीनपासून बनते. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ती शोषून घेतात आणि प्रकाशामुळे तयार होणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू निकामी करतात. रक्तात या पिवळ्या-लाल वर्गातली रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, डझनावारी फिरत असतात, पण पीतबिंदू त्यांतून एवढीच निवडून घेतो. ॲस्टॅझॅन्थिन तिथे साठत नाही. बाटलीवर 'दृष्टिपटलाचे पोषण' असे छापताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

या रंगद्रव्यांबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या दोन मोठ्या चाचण्यांतून आला. पहिली 'एरेड्स'. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये जाहीर झाले. वयोमानानुसार पीतबिंदूची झीज मध्यम टप्प्यावर पोहोचलेल्या लोकांना रोज ५०० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० युनिट ई जीवनसत्त्व, १५ मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन, ८० मिलीग्रॅम जस्त आणि २ मिलीग्रॅम तांबे दिल्यावर पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. दुसरी 'एरेड्स-२', निष्कर्ष २०१३ चे, सहभागी ४,२०३. तिच्यात १० मिलीग्रॅम ल्यूटीन आणि २ मिलीग्रॅम झिआझॅन्थिन घालून पाहिले. मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले: आधीच्या मिश्रणात ही दोन नुसती वाढवून धोका आणखी घटला नाही. मात्र बीटा-कॅरोटीन काढून त्या जागी ल्यूटीन-झिआझॅन्थिन घातले तर मिश्रण अधिक सुरक्षित झाले आणि थोडे अधिक परिणामकारकही. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हाही हेच दिसले. आहारात ल्यूटीन सगळ्यात कमी असणाऱ्या एक पंचमांश लोकांना फायदा जास्त झाला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हा फायदा कुणाला, ते नीट वाचले पाहिजे. पडद्याखाली ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत १२५ मायक्रॉनहून मोठे पिवळे ठिपके साचले आहेत, किंवा ज्यांचा एक डोळा या आजारात आधीच गेला आहे, त्यांना. आजार नसलेल्याला तो होऊ नये म्हणून किंवा अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर या गोळ्या उपयोगी पडतात असे या चाचण्यांत दिसलेले नाही. मोतीबिंदूच्या बाबतीत तर थेट तपासले गेले: ल्यूटीनमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण घटले नाही. मधुमेहाने पडद्याला होणारी इजा, काचबिंदू, मुलांच्या चष्म्याचा वाढता नंबर हे तर या चाचण्यांचे विषयच नव्हते.

आता यात शेवाळ कुठे बसते? बाजारात मिळणारे बहुतेक ल्यूटीन शेवाळाचे नसतेच. ते झेंडूचे असते. दसऱ्याच्या तोरणात ओवतो तोच झेंडू, फक्त गडद नारिंगी पाकळ्यांचे खास वाण. कर्नाटक आणि तमिळनाडूत त्याची करारावर शेती होते, पाकळ्या आंबवून, वाळवून, द्रावकाने त्यांचा राळेसारखा दाट अर्क काढतात. क्लोरेला, सेनेडेस्मस अशा हिरव्या शेवाळांतही ल्यूटीन असते, पण सुक्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का. वर पेशींच्या भिंती फोडाव्या लागतात. पाकळीतून ते स्वस्तात निघते. म्हणून वेष्टनावर समुद्र आणि आत झेंडू, असा प्रकार होतो. झेंडूच्या ल्यूटीनमध्ये काही खोट नाही, रेणू तोच आहे. पण शेवाळाच्या नावावर जास्त किंमत मोजणाऱ्याला मूळ कळायला हवे.

शेवाळाचे खरे खास रंगद्रव्य ॲस्टॅझॅन्थिन, आणि ते बनवणे हे नाजूक काम आहे. हिमॅटोकॉकस प्लुव्हिआलिस हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. सुखात असतो तेव्हा हिरवा, दोन बारीक शेपट्यांनी पोहणारा. उत्पादनाच्या पहिल्या टप्प्यात त्याला असेच सुखात ठेवायचे: पाण्याचे तापमान २० ते २५ अंश, मंद प्रकाश, पुरेसे नायट्रेट, हवेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड. तीस अंशांच्या वर वाढ खुंटते, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात थंडाव्याची सोय केल्याशिवाय हे पीक घेता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात. नायट्रेट बंद आणि प्रकाश कित्येक पट. मग जीव शेपट्या टाकतो, गोल होतो, भोवती जाड भिंत चढवतो आणि आतल्या तेलाच्या थेंबांत लाल रंग भरून घेतो. आठवडा-दीड आठवड्यात रंग सुक्या वजनाच्या तीन-चार टक्क्यांवर जातो. घाईने काढले तर एक टक्काच मिळतो. आणि टाकीत पॅरॅफायसोडर्मा नावाची परजीवी बुरशी शिरली तर काही दिवसांत सगळा घाणा तपकिरी होऊन खाली बसतो. हिरव्या टप्प्यातच रोज सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला नाही तर कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

त्या जाड भिंतीपाशीच ग्राहकाचे पैसे वाया जातात. भिंत फुटली नाही तर माणसाच्या आतड्यात ती पचत नाही, आणि आतला रंग जसा आला तसा बाहेर जातो. म्हणून चांगले उत्पादक मण्यांच्या चक्कीत पेशी फोडतात, कमी उष्णतेवर वाळवतात आणि तीनशेहून अधिक बार दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने तेलकट अर्क काढतात. या अर्कात ॲस्टॅझॅन्थिन साधारण ५ किंवा १० टक्के असते. नुसती 'हिमॅटोकॉकस पावडर' भरलेल्या कॅप्सूलमध्ये पेशी फोडलेल्या आहेत की नाहीत, हे वेष्टनावर कुठेच लिहिलेले नसते.

आता एक वेष्टन हातात घेऊन हिशेब करून पाहू. 'हिमॅटोकॉकस अर्क ८० मिलीग्रॅम' असे मोठ्या अक्षरांत आहे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत '५ टक्के'. म्हणजे ॲस्टॅझॅन्थिन ४ मिलीग्रॅम. हेही अजून पूर्ण खरे नाही. शेवाळातले ॲस्टॅझॅन्थिन बहुतांशी मेदाम्लाला जोडलेले असते. एक मेदाम्ल जोडलेल्या रेणूच्या वजनात रंगद्रव्याचा वाटा सुमारे ७० टक्के, दोन जोडलेल्यात निम्म्याच्या जरा वर. ते ४ मिलीग्रॅम जोडलेल्या रूपाचे वजन असेल तर मोकळे रंगद्रव्य पावणेतीनच्या आसपास उरते. झेंडूच्या ल्यूटीनचेही तसेच: 'ल्यूटीन एस्टर' (मेदाम्लाला जोडलेले रूप) २० मिलीग्रॅम म्हणजे मोकळे ल्यूटीन साधारण ११ मिलीग्रॅम. शेजारच्या बाटलीवर 'ल्यूटीन १० मिलीग्रॅम' असेल तर ग्राहक वीसवाली उचलतो, दुप्पट मिळाले असे समजून. एरेड्स-२ मधले १० मिलीग्रॅम हे मोकळ्या ल्यूटीनचे होते.

मोजण्याच्या पद्धतीतही फसगत होते. रंगमापक यंत्रात अर्काचा नमुना धरून ४७५ नॅनोमीटरच्या आसपास किती प्रकाश अडला ते पाहिले की आकडा लगेच मिळतो, खर्चही कमी. पण त्या पट्ट्यात बीटा-कॅरोटीन, ल्यूटीन, कँथाझॅन्थिन असे इतर रंगही प्रकाश अडवतात आणि सगळे ॲस्टॅझॅन्थिनच्या खात्यावर जमा होतात. खरी मोजणी करायची तर आधी विकर (एन्झाइम) वापरून मेदाम्ले सोडवायची आणि मग एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर प्रत्येक रंग वेगळा करून मोजायचा. वेष्टनावरचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, हे आज कुणी विचारत नाही.

ॲस्टॅझॅन्थिनचा डोळ्यांना उपयोग काय? जपानमध्ये दीर्घकाळ संगणकाच्या पडद्यापुढे काम करणाऱ्यांवर लहान चाचण्या झाल्या आहेत; बऱ्याच चाचण्यांत रोज ६ मिलीग्रॅम, मुदत काही आठवडे, माणसे काही दहांत. त्यांतल्या काहींमध्ये जवळून दूर नजर वळवताना डोळ्याच्या स्नायूला येणारा ताण कमी झालेला दिसला. ही निरीक्षणे निरर्थक नाहीत. मात्र त्यांतल्या अनेकांचा पैसा उत्पादकांकडून आलेला आहे, आणि ॲस्टॅझॅन्थिनने कुणाची दृष्टी जायची वाचली असे सांगणारी एरेड्सच्या तोडीची चाचणी झालेली नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रौढांना रोज ८ मिलीग्रॅमपर्यंत सुरक्षित मानले. ते सुरक्षिततेबद्दलचे मत आहे, उपयोगाबद्दलचे नाही. जाहिरातीत मात्र ही दोन मते सरसकट एक केली जातात.

संगणकापुढे डोळे चुरचुरतात त्याचे मुख्य कारण पापण्या आहेत. एकटक पाहताना आपण मिनिटाला पंधराच्या आसपास मिटायच्या पापण्या पाच-सात वेळाच मिटतो, अश्रूंचा थर सुकतो, डोळा कोरडा पडतो. संगणकाच्या पडद्यातून येणारा निळा प्रकाश उघड्या आकाशाच्या तुलनेत किरकोळ असतो. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, त्यातही डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचे दिसले नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहणे, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली ठेवणे, पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर न घेणे आणि चष्म्याचा नंबर तपासून घेणे, एवढ्याने बहुतेकांची तक्रार कमी होते. सुरुवातीला सांगितलेल्या, संगणकापुढे बसणाऱ्या मुलीला लाल कॅप्सूल विकणे म्हणजे चष्म्याच्या तपासणीचे पैसे दुसरीकडे वळवणे.

याहून गंभीर प्रश्न बीटा-कॅरोटीनचा. खाऱ्या पाण्यात वाढणारे ड्युनालिएला सॅलिना हे त्याचे सर्वांत श्रीमंत नैसर्गिक आगर. ऊन आणि मीठ वाढले की हे शेवाळ नारिंगी होते आणि सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत बीटा-कॅरोटीन साठवू शकते. 'नैसर्गिक' हा शब्द इथे फार निष्काळजीपणे वापरला जातो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले. निष्कर्ष १९९४ चे. अमेरिकेतल्या 'कॅरेट' चाचणीत ३० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले होते, तिथे वाढ २८ टक्के आली आणि १९९६ मध्ये गोळ्या देणे मुदतीआधीच थांबवावे लागले. एरेड्स-२ मध्ये तर ओढणे सोडलेल्या लोकांतही फरक दिसला: बीटा-कॅरोटीनच्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २ टक्के, ते नसलेल्या गटात ०.९ टक्के. या गोळ्या कृत्रिम बीटा-कॅरोटीनच्या होत्या, शेवाळातल्यात रेणूचे दुसरे रूपही असते, असा युक्तिवाद होतो. तो रसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण शेवाळातले रूप धूम्रपान करणाऱ्यांना सुरक्षित आहे हे दाखवणारी तेवढी मोठी चाचणी नसताना संशयाचा फायदा माणसाला द्यायचा, मालाला नव्हे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार आपल्या देशात १०.७ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढतात. सोडलेले वेगळेच. पीतबिंदूची झीज आणि धूम्रपान यांचा तर थेट संबंध आहे, म्हणजे ज्याला डोळ्यांची गोळी लिहून दिली जाण्याची शक्यता जास्त, तोच विडी ओढणारा किंवा कधीकाळी ओढलेला असण्याची शक्यताही जास्त. तरीही बाटलीवर याबद्दल ठळक ओळ सापडणे दुर्मीळ.

याच ड्युनालिएलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथे खरे संशोधन झाले आहे. इस्रायलमध्ये २९ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आनुवंशिक आजारात आधी रातांधळेपणा येतो आणि मग दृष्टीचे क्षेत्र आवळत जाते. या रुग्णांना ९० दिवस ड्युनालिएलाची पावडर दिल्यावर दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद थोडा सुधारला. दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टीचे क्षेत्र यांत मात्र फरक पडला नाही. असे संशोधन पुढे जायला हवे, सरकारी पैशानेही. पण ते संशोधन म्हणून, देखरेखीखाली. औषध दुकानाच्या फळीवरून नव्हे.

शेवाळाने नेत्रविज्ञानाला दिलेली सर्वांत थक्क करणारी गोष्ट तर रंगाच्या बाटलीत नाहीच. क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक अंध माणसाच्या डोळ्यात घालून, खास चष्म्याच्या साहाय्याने त्याला समोरच्या वस्तू हाताने शोधता आल्या, असा अहवाल २०२१ मध्ये आला. रुग्ण एकच, दृष्टी अंशतःच. पण खऱ्या प्रगतीचा वेग आणि तिची भाषा अशी असते.

स्पिरुलिनाबद्दल थोडक्यात. ती नील-हरित जीवाणूंच्या वर्गातली, उष्ण आणि अल्कधर्मी पाण्यात खुशीत वाढणारी, म्हणून महाराष्ट्रात लहान शेतकरीही तिच्या टाक्या करतात. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचे पाणी हिरवे दिसते त्यात तिच्याच जातकुळीचा मोठा वाटा आहे. (२०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा ड्युनालिएलाचाही संशय आला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून तो रंग मीठप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले.) स्पिरुलिनात बीटा-कॅरोटीन आणि थोडे झिआझॅन्थिन असते, ल्यूटीन जवळजवळ नसते, आणि तिचा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन हे प्रथिन असल्याने पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते. त्यामुळे 'डोळ्यांसाठी स्पिरुलिना' हा दावा फार पातळ आहे. शेतकऱ्यांनी ती प्रथिने आणि लोहाचा पूरक आहार म्हणून विकावी, जड धातू आणि सूक्ष्मजीवविषांची तपासणी करून. त्यात त्यांचेही हित आहे.

कायदा नाही असे नाही. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत अंधत्व, मोतीबिंदू आणि काचबिंदू हे तिन्ही आहेत. ते बरे होतात अशी औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१६ पासूनच्या पूरक आहाराच्या नियमांनुसार वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे लिहावेच लागते. ते लिहिलेले असतेही, आणि त्याच बाटलीवर वर डोळ्याचे चित्र असते. नियमांतल्या दाव्याच्या व्याख्येत चित्रही येते, पण व्यवहारात चित्राकडे किंवा 'मदत करते' या शब्दांकडे दावा म्हणून पाहिले जात नाही, आणि म्हणून कारवाई सहसा होत नाही. दाव्याची व्याख्या वेष्टनावरच्या चित्राला आणि नावाला प्रत्यक्षात लावली पाहिजे.

दुसरी अडचण मात्रेची. एरेड्सच्या मिश्रणातले ८० मिलीग्रॅम जस्त हे आपल्याकडच्या दैनंदिन गरजेच्या कितीतरी वर आहे. प्रौढ पुरुषाची गरज १७ मिलीग्रॅम धरलेली आहे. त्या चाचणीत जस्त घेणाऱ्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारींमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त होते. एवढी मात्रा औषध म्हणून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर जायला हवी. होते उलटेच: चाचणीचे नाव वेष्टनावर घेतात आणि आत घटक निम्मे-पाव भरतात. ज्याला खरेच गरज आहे त्या रुग्णाला पुरेसे मिळत नाही, आणि ज्याला गरज नाही तो फुकट खर्च करतो. ज्या उत्पादनात घटक आणि मात्रा पूर्णपणे चाचणीप्रमाणे नाहीत त्याला तिचे नाव वापरायला बंदी हवी.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की हे अन्नच आहे, अपाय नाही, लोकांना घेऊ द्या. बीटा-कॅरोटीनच्या आकड्यांनंतर 'अपाय नाही' हे सरसकट म्हणता येत नाही. शिवाय मोठा अपाय गोळीने होत नाही, गोळीवर विसंबल्याने होतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही. मधुमेहाने पडद्यातल्या रक्तवाहिन्या गळू लागतात तेव्हाही बराच काळ दिसण्यात फरक पडत नाही. 'डोळ्यांची काळजी घेतोय' या समाधानात बाहुली मोठी करून पडदा तपासायचे वर्ष निघून गेले, तर गेलेली नजर कुठल्याही रंगद्रव्याने परत येत नाही. दुसरा आक्षेप उद्योगाचा: नियम कडक केले तर नवी शेवाळ-शेती मरेल. भिंती नीट फोडणारा, एचपीएलसीवर मोजणारा, हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली कॅप्सूल भरणारा उत्पादक आज स्वस्त पावडर भरणाऱ्याशी किमतीत हरतो, कारण फरक वेष्टनावर दिसत नाही. तो दिसू लागला तर याच उत्पादकाला बाजार मिळेल.

सरकारी पैसा कुठे जावा, याबद्दल संदिग्धता नसावी. २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू निघाले. त्याला शस्त्रक्रिया लागते, आणि ती होते. त्यामुळे पोषण योजनांत 'डोळ्यांसाठी' म्हणून शेवाळाच्या गोळ्या घुसवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा आणि तेच पैसे तालुक्याच्या रुग्णालयात पडद्याचे छायाचित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यासाठी वापरावेत.

ल्यूटीनसाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ल्यूटीन आणि झिआझॅन्थिन मिळून १२ मिलीग्रॅमच्या आसपास असतात. मेथी, अळू, शेवग्याची पाने यांतही ते चांगले असते, मक्यात झिआझॅन्थिन मिळते, अंड्याच्या बलकात थोडे पण चटकन शोषले जाणारे. हे रंग तेलात विरघळतात, म्हणून भाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच. नुसती वाफवलेली, बिनतेलाची भाजी या बाबतीत कमी पडते. कॅप्सूलही रिकाम्या पोटी न घेता जेवणाबरोबरच घ्यावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकाएकी वाढवू नये, डॉक्टरला सांगून प्रमाण कायम ठेवावे.

आणि ज्यांना डॉक्टरांनी खरोखर ही गोळी सांगितली आहे, त्यांच्यासाठी नियम अंमलात आले पाहिजेत. प्रत्येक बॅचचा एचपीएलसी अहवाल क्यूआर कोडवर द्यावा. त्याच्या जोडीला अन्न व औषध प्रशासनाने नमुने कारखान्यातून न घेता दुकानाच्या फळीवरून, आणि मुदत संपायला दोन-तीन महिने उरलेले असताना उचलावेत. ॲस्टॅझॅन्थिन हवा, प्रकाश आणि उष्णतेने विटते; पारदर्शक बाटलीत, मे महिन्यात, एसी नसलेल्या दुकानात वर्षभर राहिलेली कॅप्सूल लाल दिसत असली तरी आत किती उरले आहे, हे तिथल्याच नमुन्यावरून कळेल.